कारणाच्या रकान्यातली ओळ

एमआरआयच्या फॉर्मवर ‘तपासणीचं कारण’ असा एक रकाना असतो, जेमतेम दोन ओळींचा. त्यात मी लिहिलं होतं: ‘एपीओई ई४/ई४. आईला डिमेन्शिया. सध्या तक्रार नाही.’ यात चुकीचं काहीच नव्हतं. तरी पुढचा निम्मा गोंधळ त्या ओळीनेच घातला.

बाई ६७ वर्षांच्या, ३४ वर्षं शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या. आपले पूर्वज कुठून कुठे गेले हे बघायची मायलेकींना हौस, म्हणून मुलीने लाळेवरून जनुकं तपासणारी दोन किट मागवली. अशा अहवालातला आरोग्याचा भाग बंद ठेवलेला असतो आणि उघडण्याआधी ‘तुम्हाला हे नक्की बघायचंय का’ असं पुन्हा पुन्हा विचारलं जातं. मुलीने तो भाग उघडला नाही. बाई भराभर ‘हो’ म्हणत आत गेल्या. आत लिहिलं होतं की एपीओई जनुकाच्या दोन्ही प्रती ई४ प्रकारच्या, म्हणजे अल्झायमरची जोखीम वाढवणाऱ्या आहेत.

त्यांच्या आईला बहात्तराव्या वर्षी विसरायला सुरुवात झाली होती. ऐंशीव्या वर्षी गेल्या तेव्हा त्या लेकीला ओळखत नव्हत्या.

माझ्याकडे आल्या तेव्हा बाईंच्या हातात छापील अहवाल होता आणि एक चौकटींची वही. वहीत चार महिन्यांच्या ६१ नोंदी, प्रत्येकीला तारीख, वेळ आणि शेरा. ‘चष्मा डोक्यावर, शोध ५ मिनिटं.’ ‘समलंब चौकोन हा शब्द चटकन आठवला नाही.’ ‘शेजारच्या मुलाचं नाव.’ अहवाल येण्याआधीच्या ६७ वर्षांची एकही नोंद नव्हती.

तपासणीत फारसं काही हाती लागलं नाही. मोका या स्मरण आणि विचारशक्तीच्या छोट्या चाचणीत ३० पैकी २८ गुण. पाचपैकी एक शब्द नंतर आठवला नाही, आणि एका मिनिटात ठरावीक अक्षरावरून शब्द सांगताना एक कमी पडला. घरचे हिशेब, बँकेची कामं, औषधांच्या वेळा सगळं स्वतः सांभाळतात. मुलीला विचारलं, तिलाही गेल्या काही वर्षांत फरक जाणवलेला नव्हता. रक्तदाब मात्र दोन्ही भेटींत १४८/८६ च्या आसपास. शिवाय मी संगणकाकडे मान वळवून बोललो की दर वेळी त्या विचारायच्या, “काय म्हणालात?” हे दोन मुद्दे मी टिपून ठेवले, पण त्या दिवशी बाईंना त्यांत अजिबात रस नव्हता.

“जनुकात लिहिलंय ते मेंदूत उमटलंय का, एवढंच बघायचंय,” त्या म्हणाल्या.

तक्रार नसलेल्या माणसाचा स्कॅन सहसा करत नाहीत, आणि त्याला कारण आहे. रॉटरडॅमच्या मोठ्या पाहणीत २,००० सर्वसामान्य माणसांचे एमआरआय केले. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांत ७.२ टक्के लोकांत कधीच न जाणवलेला जुना इन्फार्क्ट, म्हणजे रक्तपुरवठा तुटल्याने मेलेला छोटा भाग, सापडला. १.८ टक्के लोकांत रक्तवाहिनीला फुगा होता, तर १.६ टक्के लोकांत साधी गाठ. शोधायला जावं एक आणि हाती लागावं दुसरंच, असं होऊ शकतं. हे सगळं मी सांगितलं. बाई म्हणाल्या, चालेल. मीही रक्तदाबाचं निमित्त पुढे करून फॉर्म भरला. खरं कारण त्यांचा आग्रह होतं हे इथे कबूल करतो. घरबसल्या केलेल्या तपासणीवर विसंबायचं नाही म्हणून रुग्णालयाच्या प्रयोगशाळेतून जनुक पुन्हा तपासून घेतलं. उत्तर तेच आलं.

कशाच्या पंधरा पट?

एपीओई हे जनुक १९ व्या गुणसूत्रावर असतं. त्यावरून बनणारं प्रथिन २९९ अमिनो आम्लांचं, आणि मेंदूत त्याचं मुख्य काम कोलेस्टेरॉलसारखे स्निग्ध पदार्थ पेशींपर्यंत पोचवण्याचं. ई३ आणि ई४ यांत फरक एकाच जागेचा आहे: ११२ व्या स्थानी ई३ मध्ये सिस्टीन असतं, ई४ मध्ये आर्जिनीन. एवढ्या फरकाने मेंदूतलं अमिलॉइड, म्हणजे अल्झायमरमध्ये साचत जाणारं प्रथिन, साफ होण्याचं काम मंदावतं आणि ते लवकर साचू लागतं. अल्झायमरशी याचा संबंध १९९३ मध्ये ड्यूक विद्यापीठातल्या अ‍ॅलन रोझेस यांच्या गटाने दाखवला. जोखमीशी जोडलेल्या जनुकीय जागांची यादी २०२२ पर्यंत ७५ वर गेली. पण बाकीच्यांचं वजन चिमूटभर, एपीओईचं ओंजळभर.

बाईंनी आधीच वाचून ठेवलं होतं की दोन प्रती असल्या तर जोखीम १५ पट होते. १९९७ च्या एका मोठ्या एकत्रित विश्लेषणातला हा आकडा, युरोपीय वंशाच्या लोकांसाठीचा. एका प्रतीसाठी तो ३ च्या जरा वर आहे.

“पण कशाच्या पंधरा पट?” त्यांनी विचारलं. “ई४ नसलेल्या माणसाला पंच्याऐंशीपर्यंत दहा टक्के शक्यता धरली, तर माझी दीडशे टक्के झाली. शंभराच्या वर शक्यता जात नाही, डॉक्टर.”

हा प्रश्न मला आजवर दुसऱ्या कुणी विचारलेला नाही. ते १५ शक्यतेला लावायचंच नसतं. ते लावायचं ‘होणारे’ आणि ‘न होणारे’ यांच्या गुणोत्तराला. दहा टक्के म्हणजे एकास नऊ. पंधराने गुणलं की पंधरास नऊ, म्हणजे चोविसातले पंधरा, साधारण ६२ टक्के. बाईंनी हे माझ्याआधी करून दाखवलं. गंमत म्हणजे २०११ मध्ये दोन प्रती असलेल्या स्त्रियांसाठी ८५ वर्षांपर्यंतचा जो अंदाज प्रसिद्ध झाला, तो ६० टक्क्यांचा आहे. पुरुषांसाठी ५१.

पण असे बरेचसे आकडे स्मृती-दवाखान्यांत आलेल्या रुग्णांवरून निघालेले. जिथे आजारी माणसंच येतात तिथे मोजलं तर जोखीम फुगणारच. २०१७ मध्ये सर्वसाधारण लोकसंख्येतले गट धरून पुन्हा हिशेब केला, तेव्हा दोन प्रतींसाठी ८५ पर्यंतचा अंदाज ३० ते ५५ टक्क्यांवर आला, आणि त्यात डिमेन्शियाच्या अलीकडची सौम्य विस्मरणाची अवस्थाही धरली होती. हा पल्ला ऐकून बाई जराशा वैतागल्या. गणिताच्या माणसाला उत्तर एकच लागतं.

रिपोर्ट

स्कॅनचा रिपोर्ट आला: ‘दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसचा सौम्य संकोच. जनुकीय पार्श्वभूमी पाहता अल्झायमरची सुरुवातीची अवस्था नाकारता येत नाही. श्वेतद्रव्यात मोजके पांढरे ठिपके, फाझेकास १.’ हिप्पोकॅम्पस म्हणजे नव्या आठवणी घडवणारा मेंदूचा भाग, श्वेतद्रव्य म्हणजे मेंदूचे भाग जोडणाऱ्या तंतूंचा भाग, आणि फाझेकास ही ठिपक्यांची ० ते ३ अशी श्रेणी. सोबत सॉफ्टवेअरने मोजलेलं आकारमान: डावा हिप्पोकॅम्पस २.९१ घनसेंमी, उजवा ३.०२, वयाच्या तुलनेत २१ वा पर्सेंटाइल.

बाईंनी तो माझ्याआधी वाचला होता. ‘नाकारता येत नाही’ या तीन शब्दांखाली पेन्सिलीची रेघ होती.

मला खटकला तो ‘पाहता’ हा शब्द. पार्श्वभूमी ‘पाहता’ म्हणजे चित्रात काय दिसलं ते सांगण्याआधीच माझ्या फॉर्मवरची ओळ वाचून झालेली. मग मी नाव, वय आणि लिंग एवढंच ठेवून तीच चित्रं दुसऱ्या रेडिओलॉजिस्टकडे पाठवली. जनुकाचा उल्लेख नाही, आईचाही नाही. तिथून एका ओळीचं उत्तर आलं: ‘हिप्पोकॅम्पस भागाचा संकोच डावा १, उजवा १, वयानुरूप.’ ही ० ते ४ अशी डोळ्यांनी द्यायची श्रेणी आहे. १ म्हणजे हिप्पोकॅम्पसलगतची फट किंचित रुंद, बाकी सारं जागच्या जागी. पंच्याहत्तरीच्या आत २ पासून पुढे काळजीचं धरतात. दोघांसमोर चित्र तेच होतं. पहिल्याने हलगर्जी केली असं मी म्हणणार नाही. त्याच्या हातात मीच चष्मा दिला होता.

पर्सेंटाइलचं काम बाईंनी स्वतःच उरकलं. “एकविसावा म्हणजे शंभर निरोगी माणसांत वीसेक जणांचा माझ्याहून लहान. आणि ते निरोगीच!” बरोबर. तुलनेचा संच धडधाकट माणसांचा असतो, त्यात कुणीतरी खालच्या पाचव्या भागात असणारच. शिवाय बाई लहान चणीच्या. कवटी लहान तर आतलं सगळंच लहान, म्हणून आकारमान कवटीच्या मापाने दुरुस्त करावं लागतं. रिपोर्टमधला आकडा तसा केलेला नव्हता. केल्यावर तो ३७ वर आला.

मग जनुक मेंदूत दिसतं का?

बाईंचा मूळ प्रश्न हाच होता आणि तो चांगला आहे. स्कॉटलंडमध्ये १९३६ साली जन्मलेल्या मुलांची १९४७ मध्ये देशभर बुद्धिमत्ता चाचणी घेतली होती. त्यांतल्या हजारावर जणांना सत्तरीत पुन्हा शोधून काढलं आणि पुढे बहुतेकांचे एमआरआय केले. लोथियन बर्थ कोहोर्ट म्हणतात ते हेच. ई४ असलेल्या आणि नसलेल्यांच्या हिप्पोकॅम्पसच्या आकारात तिथे ठळक फरक सापडला नाही. यूके बायोबँक या ब्रिटनमधल्या मोठ्या आरोग्य-पाहणीतल्या आठ हजारांवर लोकांच्या स्कॅनवर २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामात ई४ चा संबंध श्वेतद्रव्यातल्या पांढऱ्या ठिपक्यांशी लागला, मेंदूच्या एकूण आकारमानाशी लागला नाही.

एवढ्यावर थांबलो असतो तर बाईंची समजूत काढणं सोपं होतं. पण या अभ्यासांत ई४ वाले म्हणून ज्यांना मोजतात त्यांत बहुतेक जण एकाच प्रतीचे. युरोपीय वंशाच्या लोकांत दोन प्रतीवाले शंभरात दोनच्या आसपास निघतात, त्यांचा वेगळा आवाज सरासरीत बुडून जातो. फ्रान्समध्ये १,१८६ निरोगी वृद्धांचे काही वर्षांच्या अंतराने दोनदा स्कॅन करून त्यांना वेगळं मोजलं, तेव्हा चित्र बदललं: एक प्रत असलेल्यांची घट इतरांसारखीच, दोन प्रती असलेल्यांच्या हिप्पोकॅम्पसची घट मात्र जास्त वेगाने. २०१० चं काम हे. आणि आकार बदलायच्या कितीतरी आधी दुसरं काही बदललेलं असतं. १९९६ मध्येच दोन प्रती असलेल्या, चाचण्यांत पूर्णपणे ठणठणीत माणसांच्या पेट स्कॅनमध्ये मेंदूच्या मागच्या आणि बाजूच्या भागांचा ग्लुकोजचा वापर घटलेला दिसला होता.

हे मी बाईंपासून लपवलं नाही. “म्हणजे स्कॅन चांगला आला म्हणून मी सुटले नाही,” त्या म्हणाल्या. नाही सुटलात, मी म्हणालो. एमआरआय आजचा आकार सांगतो. अमिलॉइड त्यात दिसत नाही.

“मग ते रक्तातून कळतं ना आता?”

कळतं, पी-टाऊ २१७ सारख्या, अल्झायमरशी जोडलेलं टाऊ प्रथिन रक्तात मोजणाऱ्या चाचण्या चांगल्यापैकी सांगतात. पण बाईंसाठी ती चाचणी म्हणजे उत्तर आधीच ठाऊक असलेलं उदाहरण ठरली असती. दोन प्रती असलेल्यांवरचं २०२४ चं मोठं काम सांगतं की पासष्टीपर्यंत जवळजवळ सगळ्यांच्याच पाठीच्या पाण्यात अमिलॉइडची पातळी बिघडलेली असते. म्हणजे पॉझिटिव्ह येणार हे धरूनच चालायचं, आणि आलं तरी लक्षणं कधी येतील, येतील की नाही, ते कळणार नाही. २०२४ मध्येच तज्ज्ञांचे दोन गट यावरूनच उघड भिडले. रक्तातला पुरावा मिळाला की आजार आहेच म्हणावं, असं एक गट म्हणतो. लक्षणं नसतील तर जोखीम म्हणा, आजार म्हणू नका, असं दुसऱ्याचं म्हणणं. लक्षणं नसताना दवाखान्यात ही चाचणी करू नये यावर मात्र दोन्हीकडे एकमत आहे. माझं मत दुसऱ्या गटाकडे झुकतं. पेन्सिलीची ती रेघ पाहिल्यापासून जरा जास्तच.

चार घरांची चौकट

सगळ्यात वाईट क्षण याच भेटीत आला, आणि त्याचा दोष पूर्ण माझा.

प्रती कुठून येतात हे मी सांगत होतो. बाईंनी वही उलटी करून मागच्या पानावर चौकट काढली. वर स्वतःचे दोन ई४, बाजूला नवऱ्याची दोन प्रश्नचिन्हं, मध्ये चार घरं. पहिल्या घरात ई४, दुसऱ्यात ई४, तिसऱ्यात ई४. पेन चौथ्या घरावर थांबलं. शेजारच्या खुर्चीत मुलगी बसलेली, वय ४१.

“म्हणजे हिला एक नक्की.”

जो भाग तिने ठरवून बंद ठेवला होता तो तिच्या आईने चौकट आखून उघडला. पहिल्याच भेटीत मुलीला वेगळं बोलावून मी हे विचारायला हवं होतं. फॉर्मवरच्या ओळीपेक्षा ही चूक मोठी. डीएनएची रचना उलगडणाऱ्यांपैकी एक, जेम्स वॉटसन यांचा संपूर्ण जीनोम, म्हणजे सगळा जनुकीय मजकूर, २००७ मध्ये वाचला गेला, तेव्हा आपलं एपीओई तेवढं झाकून ठेवा असं त्यांनी सांगितलं होतं. पुढे लक्षात आलं की आजूबाजूच्या खुणांवरून झाकलेलं उत्तर काढता येतं, म्हणून शेजारचा मोठा पट्टाही काढून टाकावा लागला. इथे तर शेजारचा पट्टा म्हणजे सख्खी आईच.

मुलगी थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “आई, तुलाही दोघांकडून एकेक आलंय की. आजोबांकडूनही.” बाईंचे वडील छप्पन्नाव्या वर्षी हृदयविकाराने गेले होते. इतकी वर्षं घरात सगळा ठपका आजीच्या घराण्यावर. बाईंनी चौकटीच्या वर आणखी एक चौकट काढली, वडिलांच्या जागी ई४ लिहिला आणि म्हणाल्या, “त्यांना वापरायला मिळालाच नाही.”

वहीचं काय केलं

ज्या वृद्धांना आपल्याकडे ई४ आहे हे ठाऊक असतं ते स्वतःच्या स्मरणशक्तीला कमी गुण देतात, आणि ई४ असून ते ठाऊक नसलेल्यांपेक्षा स्मृतीच्या चाचणीतही कमी पडतात, असं २०१४ मध्ये दिसून आलं. जनुक तेच, फक्त माहितीची भर. दुसरी बाजूही सांगायला हवी: अल्झायमर झालेल्यांच्या मुलाबाळांना एपीओईचा निकाल नीट समुपदेशन करून सांगितला तर मोठा मानसिक धक्का बसत नाही, हे अमेरिकेतल्या रिव्हील अभ्यासाने २००९ मध्ये दाखवलं. ‘नीट समुपदेशन करून’ हे शब्द त्यात महत्त्वाचे. बाईंना निकाल रात्री अकरा वाजता फोनवर मिळाला होता.

मी बाईंच्या यजमानांना तशीच वही ठेवायला सांगितली, पंधरा दिवस. त्यांनी १४ नोंदी केल्या, आणि पंधरावी तोंडी सांगितली: वही घरी विसरली. बाईंच्या ६१ नोंदी चार महिन्यांच्या, म्हणजे पंधरवड्याला साडेसात. ही काही शास्त्रीय तुलना नव्हे, यजमानांची जनुकंही कुणी तपासलेली नाहीत. पण त्यानंतर बाईंनी वही बंद केली.

मग उरले ते पहिल्या दिवशी टिपलेले दोन मुद्दे. श्रवण तपासणीत दोन्ही कानांना मध्यम बहिरेपण निघालं. यंत्र लावलं. रक्तदाबाची गोळी सुरू केली. दोन महिन्यांत तो १२६ वर आला. रक्तदाब १२० च्या खाली आणण्याच्या प्रयत्नाने सौम्य विस्मरणाचं प्रमाण घटतं, हे स्प्रिंट माइंड अभ्यासात २०१९ मध्ये दिसलं आहे. डिमेन्शियावरचा परिणाम तिथे निर्विवाद ठरला नव्हता. श्वेतद्रव्यातले ठिपकेही रक्तदाबाशी जोडलेले असतात, तेव्हा स्कॅनमधून हाताला लागलेली कामाची गोष्ट हीच म्हणायची. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये बदलता येण्याजोगे १४ घटक मोजले, कमी ऐकू येणं त्यांत आहे. ते सगळे हटले तर जगातला सुमारे ४५ टक्के डिमेन्शिया टळू किंवा लांबू शकेल असा त्यांचा अंदाज. हा अख्ख्या जगाचा हिशेब आहे, बाईंचा नव्हे, हे सांगितल्यावर त्या म्हणाल्या, “सरासरी कुणा एकाची नसतेच.”

जनुकाची नोंद मी फाइलमधून काढली नाही. उद्या खरंच लक्षणं आली आणि लेकानेमॅबसारख्या अमिलॉइड काढणाऱ्या औषधाचा विचार झाला, तर ती ओळ पहिल्यांदा वाचावी लागेल. त्या औषधाच्या मुख्य चाचणीत मेंदूला सूज दिसण्याचं प्रमाण ई४ नसलेल्यांत ५ टक्क्यांच्या जरा वर होतं, दोन प्रती असलेल्यांत जवळपास ३३.

दीड वर्षाने दुसरा स्कॅन केला, त्याच यंत्रावर, त्याच पद्धतीने. यंत्र बदललं तर नुसत्या मोजणीतच काही टक्क्यांचा फरक पडतो. डावा हिप्पोकॅम्पस २.८६, उजवा २.९७. दीड वर्षात पावणेदोन टक्क्यांच्या आत. निरोगी वृद्धांत वर्षाला साधारण दीड टक्का घट होते, अल्झायमरमध्ये साडेचारच्या पुढे. मोका २७. बाईंनी आकडे पाहिले, मोजणीतली चूक किती असते ते विचारलं, आणि दोन्हींची वजाबाकी करून कागद परत दिला. मुलीने तिचा तो भाग अजून उघडलेला नाही.

या खेपेला फॉर्म भरताना कारणाच्या रकान्यात मी एवढंच लिहिलं होतं: ‘मागील स्कॅनशी तुलना.’